उंडेऱ्याची अठ्ठावीस घरे : वाल्देमार हाफकिन यांची जीवनकथा

बडोद्याच्या पश्चिमेला उंडेरा नावाचे गाव आहे. शहर वाढत गेले आणि आता ते गावाच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचले आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत, सयाजीराव महाराजांच्या काळात, या लहानशा गावात एक मोजणी झाली. गावात प्लेग शिरलेला होता. प्रत्येक घरातल्या माणसांची यादी केली गेली, निम्म्यांना लस टोचली गेली आणि निम्म्यांना टोचली गेली नाही. त्यानंतर काय झाले ते सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा घरोघरी जाऊन मोजण्यात आले. ही मोजणी ज्यांनी केली ते होते वाल्देमार हाफकिन.

मुंबईतल्या परळच्या हाफकिन संस्थेमुळे हे नाव आपल्या कानावरून गेलेले असते. पण नावामागचा माणूस आपल्याला फारसा माहीत नसतो. त्यांच्या आयुष्याचा एक महत्त्वाचा दिवस आपल्या बडोद्याजवळ गेला, हे तर आपल्यापैकी अनेकांना ठाऊकच नाही. म्हणून ही ओळख.

ओडेसातील तरुण

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या काळ्या समुद्राकाठच्या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण बेर्दियान्स्क या बंदराच्या गावी गेले. पुढे ते ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकू लागले. तेथे त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे गुरू लाभले.

मेचनिकॉव्ह यांचे नाव पुढे या कथेत पुन्हा येणार आहे. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात एक बारीक काटा टोचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा शरीरातल्या काही फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झालेल्या दिसल्या. परकी वस्तू गिळून टाकणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधासाठी १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीर स्वतःचे रक्षण करते आणि ते कसे करते हे पाहता येते, ही दृष्टी हाफकिन यांना विद्यार्थीदशेतच मिळाली.

तो काळ रशियातील ज्यूंसाठी भयंकर होता. १८८१ मध्ये ओडेसात ज्यू वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा तरुण हाफकिन संरक्षक तुकडीत उभे राहिले, जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केल्यामुळे ते सुटले. पदवी घेतल्यानंतर विद्यापीठात अध्यापक व्हायचे तर धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी नकार दिला. मग ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करण्यात काही वर्षे गेली. १८८८ मध्ये ते देश सोडून स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाला गेले.

ग्रंथपालाची नोकरी

मेचनिकॉव्ह एव्हाना पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या नव्या संस्थेत आले होते. १८८९ मध्ये हाफकिनही तेथे पोहोचले. संस्थेत एकच जागा रिकामी होती, ती ग्रंथपालाची. त्यांनी ती घेतली. दिवसभर पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा क्रम सुरू झाला. फावल्या वेळी ते व्हायोलिन वाजवत.

त्यांनी पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा विषय घेतला. पटकीचे जिवाणू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे ३९ वेळा नेऊन त्यांनी त्यांची ताकद वाढवली. दुसरीकडे त्याच जिवाणूंचे दुबळे वाणही तयार केले. आधी दुबळे जिवाणू टोचायचे आणि काही दिवसांनी जोरकस, अशी त्यांची पद्धत होती. प्राण्यांवर ती यशस्वी झाली. माणसावर ती कोण करून पाहणार, हा प्रश्न होता. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेल्या जागी दुखले, पण काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर काही मित्रांनीही लस घेतली.

पॅरिसमध्ये या कामाचे विशेष स्वागत झाले नाही. लसीचा उपयोग खरोखर होतो का, हे पाहायचे तर पटकी जिथे दरवर्षी येते तिथे जायला हवे होते. पॅरिसमध्ये त्या वेळी ब्रिटनचे राजदूत असलेले लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने वाट खुली झाली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

कलकत्त्याच्या वस्तीत

इथे त्यांच्या अडचणींना सुरुवात झाली. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. शिवाय रशियन. ब्रिटनचे त्या काळी रशियाशी असलेले संबंध पाहता, त्यांच्याकडे संशयाने पाहणारे अधिकारी कमी नव्हते. लोकांनाही हा परका माणूस सुई घेऊन आला की भीती वाटे.

कलकत्त्यात त्यांच्याबरोबर चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे बंगाली डॉक्टर काम करत होते. १८९४ च्या मार्चमध्ये कट्टल बागान या वस्तीत तळ्याच्या पाण्यातून पटकी पसरली. सुमारे २०० माणसांची ती वस्ती. पथक आले तेव्हा जमावाने विरोध केला, दगडही फेकले गेले, असे सांगतात. तेव्हा पथकातील डॉक्टरांनी सर्वांसमक्ष स्वतःला टोचून घेतले आणि मग लोक पुढे आले. ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे आजारी पडले आणि जे दगावले, ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते.

या एका घटनेत हाफकिन यांच्या कामाची पुढची रीत दिसते. लस ते कोणावर लादत नसत. स्वतःला आधी टोचून घेत. आणि लस घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांचाही हिशेब ठेवत. फक्त लस घेतलेले वाचले एवढे सांगून काही सिद्ध होत नाही, कारण ते एरवीही वाचले असते. शेजारच्याचे काय झाले, हे कळले तरच अर्थ लागतो.

दोन-अडीच वर्षांत त्यांनी ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. मलेरियाने प्रकृती खालावली म्हणून त्यांना १८९५ मध्ये इंग्लंडला जावे लागले, पण पुढच्या वर्षी ते परत आले.

मुंबईत प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात विचित्र तापाने माणसे मरू लागली. जांघेत किंवा काखेत गाठ येई, तीव्र ताप चढे आणि काही दिवसांत सगळे संपे. हा प्लेग आहे हे ओळखून जाहीर करणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. शहरातून लोक पळू लागले. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावले आणि ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत दाखल झाले.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर त्यांनी काम सुरू केले. प्लेगचे जिवाणू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडले होते. ते उंदीर आणि पिसवांमार्फत पसरतात हे त्या वेळी कोणी सिद्ध केलेले नव्हते. प्रयोगशाळेतील कामाचा ताण इतका होता की एका सहायकाचे मानसिक स्वास्थ्य बिघडले आणि दोघे सोडून गेले. हाफकिन मात्र दिवसाचे बारा-चौदा तास काम करत राहिले.

पटकीसाठी त्यांनी जिवंत जिवाणू वापरले होते. प्लेगसाठी ते धोक्याचे होते. म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली : जिवाणू भरपूर वाढवायचे आणि मग उष्णतेने मारून टाकायचे. मांसाच्या रश्शाने भरलेल्या चंबूत ते वरून तुपाचे थेंब सोडत. तुपाच्या तवंगाला धरून जिवाणूंची वाढ खाली झुंबरासारखी लोंबत असे. चंबू हलवला की ती तळाशी पडे आणि वर नवी वाढ सुरू होई. अशी अनेक आठवड्यांची वाढ साठली की ती ७० अंश सेल्सियसवर तासभर तापवली जाई. जिवाणू मरत, पण त्यांची ओळख पटवणारे अंश द्रवात राहत. ही झाली प्लेगची लस. तिला तीन महिने लागले.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे इतरांना जेवढी देत असत त्यापेक्षा कितीतरी मोठी मात्रा त्यांनी घेतली. ताप आणि वेदना सोसल्या, आणि हे लगेच बाहेर कळू दिले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे स्वतःहून तयार झाले अशा सुमारे दीडशे जणांना लस दिली गेली. जवळपास तेवढेच कैदी लस न घेतलेले राहिले. अन्न तेच, कोठड्या त्याच. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

त्या वर्षाचे महाराष्ट्रातील वातावरण आपण जाणतो. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. घरात शिरून झडती घेणारे सोल्जर, सक्तीने इस्पितळात नेली जाणारी माणसे, जाळले जाणारे सामान, यांमुळे लोक संतापले होते. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. अशा वेळी सरकारच्या वतीने येणाऱ्या सुईवर लोकांनी विश्वास ठेवावा तरी कसा? हाफकिन यांची लस मात्र ऐच्छिक होती, आणि ती स्वीकारली गेली ती मुख्यतः समाजातील वडीलधाऱ्या माणसांच्या पुढाकाराने. तरुण आगाखानांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला आणि मुंबईतील हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. पोर्तुगिजांच्या ताब्यातील दमणमध्ये २,१९७ लोकांनी लस घेतली, त्यांत ३६ दगावले. न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२. पुढच्या वर्षी हुबळीतही हजारोंनी लस घेतली.

उंडेऱ्यात काय झाले

तरीही शंका काढायला जागा होती. लस घेणारे लोक मुळातच अधिक काळजी घेणारे, बऱ्या घरांत राहणारे असतील, म्हणून वाचले असतील, असे म्हणता येत होते. ही शंका दूर करायची तर एकाच घरातली माणसे हवी होती.

बडोदे संस्थानातील उंडेरा गावात १८९८ च्या जानेवारीपासून प्लेगने माणसे मरत होती. फेब्रुवारीच्या मध्यावर हाफकिन तेथे आले. बडोद्याचे आणि ब्रिटिश असे दोन्ही बाजूंचे अधिकारी हजर होते. गावची यादी हातात घेऊन एकेक कुटुंब बोलावले गेले. घरातल्या पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना, बायकांपैकी निम्म्यांना, मुलांपैकी निम्म्यांना लस टोचली गेली. गावात त्या वेळी सुमारे ९५० माणसे होती, त्यांतील ५१३ जणांना लस मिळाली. उरलेली माणसे त्याच छपराखाली, त्याच चुलीवरचे खात राहिली.

सहा आठवड्यांनी पुन्हा चौकशी झाली. दरम्यान २८ घरांत प्लेग शिरला होता. या २८ घरांत लस घेतलेली ७१ माणसे होती आणि न घेतलेली ६४. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ गेले. घेतलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले आणि ३ गेले.

हे आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. आजाऱ्यांची संख्या कमी झाली हे तर दिसतेच. पण आजार झाल्यावरही फरक पडला. लस न घेतलेल्या २७ रुग्णांपैकी एकटा वाचला, लस घेतलेल्या ८ पैकी ५ वाचले. म्हणजे लस दोन प्रकारे उपयोगी पडली : अनेकांना आजार होऊच दिला नाही आणि ज्यांना झाला त्यांना तो झेपला. आणि तरीही तिघे गेले, हेही हाफकिन यांनी लपवले नाही.

या हिशेबाला दुसरी बाजू आहे. ते २६ जण कोण होते? कोणाची आई, कोणाचा मुलगा. शेजारच्या खाटेवरच्या भावाला लस मिळाली आणि आपल्याला नाही, असे ते होते. आज असा प्रयोग करायचा तर प्रत्येकाची लेखी संमती लागते, समितीची परवानगी लागते, आणि उपयोग स्पष्ट दिसू लागताच प्रयोग थांबवून उरलेल्यांना लस द्यावी लागते. हे नियम नंतर आले. उंडेऱ्याच्या त्या माणसांची नावे आपल्यासमोर नाहीत. पण त्यांच्यामुळे जे समजले त्याचा लाभ पुढे लाखो लोकांना झाला, एवढे ऋण बडोदेकरांनी तरी ध्यानात ठेवावे.

शरीर ओळख कशी ठेवते

मेलेले जिवाणू टोचून माणूस कसा वाचतो, हे त्या काळी पूर्ण उलगडलेले नव्हते. आज आपण ते बऱ्याच तपशिलाने सांगू शकतो.

लस टोचली की प्रथम तेथे पोहोचतात त्या मेचनिकॉव्ह यांनी पाहिलेल्या भक्षक पेशी. त्या परक्या जिवाणूंचे तुकडे गिळतात, आणि त्यांच्यातल्या काही पेशी ते तुकडे घेऊन जवळच्या लसिका गाठींकडे जातात. काखेत, जांघेत, मानेत अशा गाठी असतात. तेथे शरीराचे दुसरे सैन्य, म्हणजे टी आणि बी पेशी, थांबलेले असते. त्यांतील ज्या थोड्या पेशींना तो विशिष्ट तुकडा ओळखता येतो त्या जाग्या होतात आणि भराभर वाढतात. बी पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात. ती जिवाणूला चिकटतात आणि त्याला निकामी करतात किंवा भक्षक पेशींना तो दाखवून देतात. प्लेगमध्ये जी भयंकर गाठ येते ती नेमकी याच ठिकाणी येते. पिसवेच्या चाव्यातून शिरलेले जिवाणू जवळच्या लसिका गाठीत पोहोचतात आणि तेथेच लढाई होते.

अडचण वेळेची असते. पहिल्यांदा भेटलेल्या रोगजंतूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. प्लेगचा रुग्ण त्या आधीच दगावतो. लसीने ही वेळ आधीच भरून निघते. मेलेला जिवाणू वाढू शकत नाही, पण त्याचा चेहरा शरीराला दिसतो. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, काही मात्र स्मृतिपेशी म्हणून उरतात. पुढे खरा जिवाणू आला की याच पेशी थोड्या दिवसांत कामाला लागतात. लस घेतल्यावर येणारा ताप किंवा हाताचे दुखणे हे शरीर कामाला लागल्याचे लक्षण आहे. ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

प्लेग आणि पटकी हे जिवाणूंचे रोग. देवी, गोवर, पोलिओ, इन्फ्लुएंझा, कोविड हे विषाणूंचे. विषाणू स्वतःहून वाढू शकत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो. पेशीबाहेर असेपर्यंत प्रतिपिंडे त्याला अडवू शकतात. आत शिरला की ग्रासलेली पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजाऱ्यांना सावध करते आणि मारक टी पेशी ती ग्रासलेली पेशीच नष्ट करतात. लसीचे तत्त्व तेच राहते, ओळख आधी करून देण्याचे. काही लशींत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, जसे पोलिओचे थेंब किंवा गोवराची लस. काहींत मारलेला विषाणू असतो, जशी पोलिओची टोचायची लस किंवा कोव्हॅक्सिन. जिवंत आणि मृत अशा दोन्ही वाटांनी हाफकिन चालले होते, पटकीसाठी पहिली आणि प्लेगसाठी दुसरी.

ही ओळख किती काळ टिकते हे रोगावर अवलंबून असते. गोवराचा विषाणू फारसा बदलत नाही, म्हणून त्याची स्मृती दीर्घकाळ उपयोगी पडते. इन्फ्लुएंझाचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून त्याची लस दरवर्षी नवी लागते. हाफकिन यांच्या प्लेगच्या लसीचा प्रभावही काही महिन्यांनी ओसरत असे आणि ती पुन्हा घ्यावी लागे. लस घेऊनही आजार झाला, असे कोविडच्या काळात आपण अनेकदा ऐकले. उंडेऱ्याच्या आठ रुग्णांबाबतही तेच म्हणता आले असते. त्यांतले पाच घरी राहिले, हा भाग मात्र सांगायचा राहून जातो.

मुलकोवालची बाटली

१८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. मागणी प्रचंड वाढली आणि लस अधिक वेगाने तयार करावी लागली. त्यासाठी पद्धतीत काही बदल झाले, त्यांत कार्बोलिक आम्ल घालणे बंद झाले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतील १९ जणांना काही दिवसांनी धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. या सर्वांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

चौकशी आयोगाने बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळमध्येच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांचे म्हणणे होते की पुरावा उलट सांगतो. ती बाटली कितीतरी आठवड्यांपूर्वी भरलेली होती. धनुर्वाताचे जिवाणू इतके दिवस आत वाढत असते तर द्रवाला घाण वास आला असता, आणि बाटली उघडताना तसा वास कोणालाही आला नव्हता. शिवाय गावात बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जिवाणू मातीतच असतात.

१९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. कागदपत्रे प्रसिद्ध व्हायला १९०६ उजाडले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये एक पत्र छापून आले. त्यावर रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. हाफकिन यांच्यावरचा आरोप टिकत नाही, असे त्यांनी सांगितले. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला. फ्रान्समध्ये एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर अन्याय झालेल्या ड्रेफस प्रकरणाशी पुढे या घटनेची तुलना केली गेली.

या प्रसंगातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, मुलकोवालच्या १९ माणसांचा मृत्यू खरा होता आणि त्याचा जाब विचारणे योग्यच होते. दुसरी, त्यांना मारले ते बाटलीत शिरलेल्या धनुर्वाताने, लसीतल्या मेलेल्या जिवाणूंनी नव्हे. हा फरक शोधण्याऐवजी एकच माणूस दोषी धरला गेला. आज लसीच्या प्रत्येक बाटलीवर क्रमांक असतो आणि टोचताना निर्जंतुक सुई एकदाच वापरली जाते. अशी काळजी घ्यायला आपण मुलकोवालसारख्या घटनांतूनच शिकलो.

शेवटची वर्षे

हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळला नव्हे. तेथील जागा दुसऱ्याकडे गेली होती. कलकत्त्याच्या एका लहान प्रयोगशाळेत त्यांना काम मिळाले, तेही लस तयार करण्याची मोकळीक न देता. वयाच्या ५५ व्या वर्षी नियमाप्रमाणे ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नाही. उत्तरायुष्यात ते धर्मनिष्ठ ज्यू म्हणून राहिले. १९२९ मध्ये आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी एका न्यासाकडे सोपवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. परळच्या याच आवारातून पुढे पोलिओचे थेंबही देशभर गेले.

जन्मभूमीत त्यांना जागा मिळाली नाही, पॅरिसमध्ये ग्रंथपालाची जागा मिळाली, आणि जेथे आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली तेथून एका बाटलीमुळे जावे लागले. तरीही त्यांनी आकड्यांशी कधी लबाडी केली नाही. उंडेऱ्यात लस घेऊन गेलेल्या तिघांची नोंद त्यांनी वाचलेल्यांच्या शेजारीच ठेवली.

पुढच्या वेळी उंडेऱ्याच्या रस्त्याने जाताना त्या अठ्ठावीस घरांची आठवण ठेवावी. आणि घरातल्या लहानग्याच्या लसीकरणाची तारीख जवळ आली असेल, तर तेवढे कार्ड काढून पाहावे.